बिशपामागून चालत गेलेलं नाव

कुइंब्रा हे नाव कुइंब्राचं नाही.

पोर्तुगालच्या मध्यावर, मोंदेगू नदीकाठच्या एका खड्या टेकडीवर हे शहर वसलंय. लिस्बनच्या आधी देशाची राजधानी इथं होती, ती १२५५ साली हलली. पहिला राजा अफोन्सू एन्रीकेश इथल्याच सांता क्रूश मठात पुरलेला आहे. १२९० साली स्थापन झालेलं, लिस्बन-कुइंब्रा अशा येरझाऱ्या घालून अखेर १५३७ मध्ये इथं स्थिरावलेलं विद्यापीठ टेकडीच्या माथ्यावर बसलंय. इतकं सगळं मिरवण्यासारखं असलेल्या या शहराचं नाव तेवढं दुसऱ्याचं. सोळाएक किलोमीटर दक्षिणेला कोनिंब्रिगा नावाचं रोमन शहर होतं. त्याचं नाव तिथून उठलं, इथं येऊन बसलं, आणि इथं आधीपासून नांदत असलेलं ‘एमिनियम’ हे नाव कायमचं घराबाहेर पडलं. भाडेकरूनं दारावर आपली पाटी ठोकावी आणि काही वर्षांनी घरमालकाचं नाव पोस्टमनलाही आठवू नये, तसं.

गावं उठतात हे आपल्याला नवीन नाही. उजनीच्या पाण्यात जुनं पळसदेव गेलं आणि काठावर नवं पळसदेव उभं राहिलं. असं धरणाधरणाला घडलंय. पण ती नावं गेली मोकळ्या रानावर. नांदत्या, नावाजलेल्या शहराच्या डोक्यावर जाऊन बसणारं नाव मी पहिल्यांदाच पाहत होतो.

नदीकडून विद्यापीठाकडे चढायला लागलं की बाजारपेठेतून आत एक जाड भिंतींची कमान लागते, आर्कू द आल्मेदिना. आल्मेदिना म्हणजे अल-मदिना, अरबांचं ‘शहर’. कमानीच्या आत ते शहर, बाहेर नुसती वस्ती. आठव्या शतकात अरब-बर्बर फौजा इथं आल्या, मध्ये काही काळ शहर हातातून गेलं, ९८७ मध्ये परत मिळालं, आणि १०६४ साली लेओनचा राजा फेर्दिनांद यानं सहा महिने वेढा घालून ते घेतलं ते घेतलंच. कमानीपलीकडं पायऱ्या सुरू होतात. त्यांचं नाव ‘केब्रा-कोश्ताश’, म्हणजे पाठमोड. या नावाची व्युत्पत्ती शोधायला कोश उघडावा लागत नाही; दोन्ही हातांत सामान घेऊन चढलं की पुरे. वर पोचलं की ‘से वेल्हा’, म्हणजे जुनं कॅथेड्रल. आणखी वर गेलं की ‘से नोवा’, नवं कॅथेड्रल. ‘नवं’ म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेलं. पोर्तुगीजांना या वेल्हा आणि नोवाची भारी हौस. एकच नाव दोन जागांना द्यायचं आणि मग जुनं-नवं करत बसायचं. गोव्यातही त्यांनी हेच केलं, ते पुढं येईलच.

या दोन कॅथेड्रलांच्या मध्ये मशादू द काश्त्रू संग्रहालय आहे. तिथं मूर्ती आहेत, चित्रं आहेत, सोन्याचांदीची भांडी आहेत. पण माझ्यासारख्यानं सरळ तळघर गाठावं. तळघर कसलं, रोमन बांधकामाचे दोन मजले आहेत ते. एकावर एक रचलेले कमानदार छताचे बोगदे. एक बोगदा संपतो तिथं आडवा दुसरा सुरू होतो, बाजूला खोल्यांची रांग, खोलीतून खोलीत जायला बुटकी दारं. दगडाला हात लावला तर भर उन्हाळ्यात गार आणि ओलसर लागतो. हे सगळं कशासाठी? तर वर सपाट जागा मिळावी म्हणून. रोमन शहर म्हटलं की चौक हवा, चौकाला सपाटी हवी, आणि ही टेकडी तर पाठमोडी. मग पहिल्या शतकातल्या गवंड्यांनी उतारावर हे पोकळ जोतं बांधलं आणि त्याच्या डोक्यावर एमिनियमचा चौक पसरला. टेकडीशी भांडून काढलेली ती सपाटी आजही खचलेली नाही. चौक गेला आणि त्याच जागी पुढं बिशपचा वाडा उभा राहिला, जो आता संग्रहालय झालाय. हा बिशप लक्षात ठेवावा. नावाची सगळी ने-आण त्याच्या गोतावळ्यानं केली.

एमिनियम हे नाव कुणी मनानं रचलेलं नाही. पहिल्या शतकात थोरल्या प्लिनीनं या किनाऱ्यावरची गावं मोजली तेव्हा एमिनियम आणि कोनिंब्रिगा ही दोन्ही नावं एकापाठोपाठ, वेगवेगळी लिहिली. लिस्बनहून ब्रागाला जाणाऱ्या रोमन रस्त्याच्या यादीतही दोन्ही मुक्काम आहेत, दहा रोमन मैलांच्या अंतरानं. आणि सम्राट कॉन्स्टान्शियसच्या सन्मानार्थ एमिनियमच्या नगरानं कोरून घेतलेला शिलालेख खुद्द कुइंब्रातच सापडला. म्हणजे घरमालकाचा सातबारा चोख आहे.

मग भाडेकरू कोण, हे पाहायला कोनिंब्रिगाला गेलं पाहिजे. बस शहराबाहेर पडली की ऑलिव्हची झाडं, द्राक्षाचे मळे, मध्येच युकॅलिप्टसची रानं आणि लाल कौलांची घरं सुरू होतात. कोंदैशा-आ-नोवा हे तालुक्याचं गाव. त्याला लागून कोंदैशा-आ-वेल्हा. (बघा, पुन्हा तेच.) आणि वेल्हाच्या कडेला, दोन ओढ्यांच्या मधल्या एका पठाराच्या टोकावर, हे शहर उघडं पडलेलं आहे. ‘उघडं पडलेलं’ म्हणालो खरं, पण उकरून काढलाय तो थोडासाच भाग. बाकीच्यावर अजून झाडं आणि शेतं आहेत.

आत शिरताच मोझेकच्या फरश्या सुरू होतात. काळ्या, पांढऱ्या, तांबूस, पिवळसर दगडांचे नखाएवढे तुकडे. एका घराला पुरातत्त्ववाल्यांनी नाव दिलंय ‘स्वस्तिकाचं घर’. वाकून पाहिलं तर खरंच, जमिनीवर दगडी खड्यांचं स्वस्तिक. आपल्या डोळ्यांना ते उंबऱ्यावर, तिजोरीवर, चोपडीच्या पहिल्या पानावर पाहायची सवय. शेजारी उभ्या असलेल्या युरोपियन बाईंनी ते पाहिलं आणि दोन पावलं मागं सरल्या. फरशी लावणाऱ्या रोमन कारागिराला या दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच चमत्कारिक वाटल्या असत्या.

सगळ्यात देखणं ते कारंज्यांचं घर. मधोमध बाग, बागेत पाण्याची टाकी, टाकीत वळणावळणाचे वाफे, आणि वाफ्यांच्या कडेनं कारंज्यांच्या बारीक नळ्या. आता वर छप्पर घातलंय. यंत्रात नाणं टाकलं की शेकडो बारीक धारा एकदम उसळतात आणि थोड्या वेळानं बसतात. एक शाळकरी टोळी आली होती; त्यांच्या बाईंकडची सुटी नाणी संपली तेव्हा कुठं शांतता झाली. भोवतालच्या फरशीवर शिकारी आहेत, घोडे आहेत, आणि मेदूसाचं मुंडकं हातात धरलेला पर्सियस समुद्रराक्षसासमोर उभा आहे.

आणि या घरांच्या अगदी अंगाशी येऊन, त्यांना सरळ शहराबाहेर टाकणारा तट आहे. तो पाहून मी चरकलो. तिसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास बाहेरचं वारं फिरलं तसं कोनिंब्रिगाच्या लोकांनी शहर आवळून घेतलं. नवा तट असा घातला की निम्मी वस्ती बाहेर पडली. हे कारंज्यांचं घर, ते स्वस्तिकाचं घर, सगळी बाहेर. दगड कुठून आणले? त्याच पाडलेल्या घरांतून. तटाच्या अंगावर बारकाईनं पाहिलं तर खांबाचा एक गोल तुकडा आडवा बसवलेला दिसतो, शेजारी कुठल्याशा कोरीव पट्टीचा कोपरा, त्यावर ओबडधोबड धोंडा. कोणाचा दिवाणखाना, कोणाचं देऊळ, सगळं एका रांगेत. घाई अशी की चुनाही नीट सारवलेला नाही.

तट उपयोगी पडला नाही. पाचव्या शतकात जर्मन वंशाचे स्वेबी या मुलखात राज्य करत होते. ४६५ साली त्यांनी कोनिंब्रिगात शिरून एका बड्या घराण्यातली आई आणि मुलं धरून नेली. ४६८ मध्ये ते पुन्हा आले. शांततेच्या काळात दगा देऊन शहर लुटलं, घरं पाडली, तटाचा काही भाग पाडला, माणसं धरून नेली, उरली ती पांगली. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते हिदातियस नावाच्या बिशपमुळं. त्यानं त्या काळाची बखर लिहून ठेवली. स्वतः तोही स्वेबींच्या कैदेत महिने काढून आला होता, म्हणून त्याच्या कोरड्या वाक्यांनाही धार आहे.

हा हिदातियस उत्तरेतल्या ‘आक्वे फ्लाविए’ या गावचा बिशप. म्हणजे फ्लावियन सम्राटांच्या गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. आज त्या गावाचं नाव आहे शावेश. आता मराठी माणसाची इथं गंमत होते. पोर्तुगीजात ‘शावे’ म्हणजे चावी. आपली चावी तिथूनच आलेली. हॉटेलच्या काउंटरवर हा शब्द ऐकला की दुभाष्याची गरज पडत नाही. शावेश म्हणजे चाव्या. तेव्हा हे चाव्यांचं गाव असणार, असं कुणालाही वाटेल. पण तसं नाही. लॅटिनमधल्या ‘क्ल’ आणि ‘फ्ल’ या दोन्ही जोडाक्षरांचा पोर्तुगीजात ‘श’ होतो. त्यामुळं किल्लीचा ‘क्लाविस’ आणि सम्राटांचा ‘फ्लाविस’ वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच उंबरठ्यावर थांबले. नावाचा अर्थ नावाच्या तोंडाकडं पाहून काढू नये तो असा. मुंबईचं ‘बॉम्बे’ पोर्तुगीजांच्या ‘बों बाइया’ म्हणजे चांगल्या खाडीवरून आलं, असं अजूनही शपथेवर सांगणारे भेटतात. पोर्तुगीजात खाडी स्त्रीलिंगी. ती ‘बों’ नाही, ‘बोआ’ असायला हवी. खुद्द पोर्तुगीज इतकं चुकीचं पोर्तुगीज बोलले असतील हे पटत नाही, आणि मुंबादेवी तर त्यांच्या आधीपासून बसलेलीच होती.

कुइंब्राकरांनीही आपल्या नावाभोवती गोष्ट रचलीच आहे. शहराच्या मानचिन्हावर एका पेल्यातून वर आलेली मुकुटधारी बाई, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला सर्पासारखा ड्रॅगन. दंतकथा सांगते की सिंह म्हणजे अलान टोळ्यांचा राजा अताकेश, ड्रॅगन म्हणजे स्वेबींचा राजा एर्मेनेरिकू, आणि बाई म्हणजे दोघांत तह व्हावा म्हणून लग्नात दिलेली स्वेबी राजकन्या सिंदासुंदा. अताकेशनं कोनिंब्रिगा उद्ध्वस्त केलं आणि मोंदेगूकाठी नवं शहर वसवलं म्हणे. गोष्ट लग्नाची असल्यानं टिकली. खरी हकीकत मात्र सह्यांची आहे.

त्या काळी इबेरियातले बिशप धर्मसभेला जमत आणि ठरावाखाली आपापल्या गादीचं नाव घालून सही करत. ५७२ मध्ये ब्रागाच्या सभेत कोनिंब्रिगाचा बिशप सही करतो. ५८९ मध्ये तोलेदोच्या सभेत एमिनियमचा बिशप सही करतो. सातव्या शतकात पाहावं तर सही पुन्हा कोनिंब्रिगाच्या बिशपची, पण एव्हाना गादी एमिनियमला येऊन बसलेली. पठारावरचं पडझड झालेलं शहर, त्याला पाणी कालव्यानं आणायचं. त्यापेक्षा एमिनियमला बारमाही नदी, तिच्यावरून जाणारा हमरस्ता, आणि चढायला अवघड टेकडी. बिशपनं तिथं बिऱ्हाड हलवलं यात नवल काही नाही. नवल पुढंच आहे. बिऱ्हाड हललं तरी हुद्दा हलला नाही. तो कोनिंब्रिगाचा बिशप होता तो तसाच राहिला. आणि बिशप ज्या गावात राहतो ते कोनिंब्रिगा, असं लोकांच्या तोंडी बसत गेलं. गावानं माणसाला नाव द्यायचं ते इथं माणसानं गावाला दिलं.

तोंडी बसलं की नाव झिजतंच. लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये अडकलेला ‘न’ पोर्तुगीजांच्या जिभेला नकोसा. चंद्र म्हणजे ‘लूना’, त्याची झाली ‘लूआ’. मुकुट म्हणजे ‘कोरोना’, त्याची झाली ‘कोरोआ’. कोनिंब्रिगातला पहिला ‘न’ असाच गळाला, शेपटीचा ‘ग’ गेला, आणि उरलं ते कुइंब्रा. अरबांनी ऐकलं तेव्हा ते अर्ध्या वाटेवर होतं. त्यांनी ‘कुलुम्रिया’ असं लिहून ठेवलं. पण गंमत म्हणजे कुइंब्राच्या रहिवाशाला आजही शिष्टसंमत शब्द ‘कोनिंब्रिसेन्स’ असाच आहे. एकोणिसाव्या शतकात ‘उ कोनिंब्रिसेन्स’ याच नावाचं वर्तमानपत्रही इथं निघायचं. शहराचं नाव झिजलं, शहरवाल्याचं अजून रोमन कडकडीत आहे.

आता त्या ‘ब्रिगा’कडं वळतो, कारण माझ्या दृष्टीनं प्रवासाचे पैसे तिथंच वसूल झाले. ब्रिगा हे केल्टिक. अर्थ उंचवटा, टेकडीवरची तटबंद वस्ती. या देशात रोमनांच्या आधीची अशी ब्रिगा-नावं पुष्कळ होती. दक्षिणेतलं लागुश एके काळी लाकोब्रिगा होतं. ‘कोनिं’चा उलगडा करताना विद्वान आपसांत भांडतात, कुणी खडकाळ जागा म्हणतं तर कुणी एका जमातीचं नाव काढतं, त्यात आपण पडू नये. पण ब्रिगाबद्दल भांडण नाही. जर्मन भाषेत डोंगराला म्हणतात तो ‘बेर्ग’ त्याचा नातलग. आणि आणखी पूर्वेला याच मुळापासून, उंच आणि मोठं या अर्थानं, संस्कृतात आलं ‘बृहत्’. म्हणजे कोनिंब्रिगातलं ब्रिगा आणि बृहन्मुंबईतलं बृहन् ही एकाच कुळातली. महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर रोज वाचलेलं ते अक्षर इथं, अटलांटिकच्या काठावर, एका उजाड पठाराला चिकटलेलं निघालं. त्यानंतर अर्धा तास मी त्या तटावर नुसता बसून होतो. तिकिटं तपासणारा माणूस दोनदा येऊन बघून गेला.

कोनिंब्रिगाचं पाणी जिथून यायचं ते अल्काबिदेक हे गाव तीन-साडेतीन किलोमीटरवर आहे. तिथं रोमनांनी झऱ्याभोवती बांधलेल्या टाक्याचे अवशेष आहेत. गाव लहानसं, पण नाव ऐकावं असं. लॅटिनमध्ये ‘कापुत आक्वे’ म्हणजे पाण्याचा उगम, शब्दशः पाण्याचं डोकं. अरब आले. त्यांच्या भाषेत ‘प’ नाही, म्हणून ‘कापुत’चं ‘कबद’सारखं काहीतरी झालं, पुढं त्यांचं ‘अल’ लागलं, मग पोर्तुगीजांनी वरून आपली घडी घातली. तीन भाषांनी हाताळलेलं हे नाव अजून खोटं ठरलेलं नाही. शहर गेलं, कालवा तुटला, पण पाण्याचा उगम तिथंच आहे आणि नावही तिथंच. कुइंब्रासारखं ते कुणाच्या मागं चालत गेलं नाही. झऱ्याला बदली नसते.

परतीच्या बसला वेळ होता म्हणून कोंदैशात एका बेकरीत बसलो. ‘एश्कार्पियादा’ नावाचा इथला गोड प्रकार खाल्ला. पावाचंच पीठ, पण साखर-दालचिनीत लडबडलेलं. बोटं चिकट होतात आणि खाणं थांबत नाही. गल्ल्यावर पांढऱ्या मिशांचे मालक होते. काही वर्षं फ्रान्सात काढलेली, इंग्रजी मोडकं पण निर्धास्त. कुठून आलात, विचारलं. महाराष्ट्र सांगितलं तर चेहऱ्यावर काही उमटलं नाही. गोव्याच्या शेजारी म्हटल्यावर मान हलली.

“कुइंब्राला उतरलायत?” त्यांनी विचारलं. हो म्हटलं.

“नाव आमचं आहे, बरं का. त्यांनी नेलं ते परत दिलं नाही.”

मी म्हटलं, अशी तुमची एकट्याचीच गत नाही. गोव्याचं सांगितलं. जुवारीकाठी कदंबांचं गोवापुरी, गोपकपट्टण. तिथलं बंदर गाळानं भरलं, वस्ती आणि व्यापार मांडवीकाठी एला गावी सरकला, आणि गोवा हे नावही सरकलं. १५१० मध्ये तुमच्या लोकांनी घेतलं ते हे दुसरं गोवा. मग पहिल्याला नाव पडलं गोवा वेल्हा. पुढं दुसरंही रोगराईनं ओसाड झालं, १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला, आणि ते झालं वेल्हा गोवा. म्हणजे नकाशावर एक गोवा वेल्हा आणि एक वेल्हा गोवा, बाहेरच्या माणसानं कपाळ बडवून घ्यावं. १८४३ मध्ये राजाज्ञेनं पणजीचं नाव ठेवलं नोवा गोवा.

मालक बोटांवर मोजत होते. “म्हणजे नाव तीन ठिकाणी?”

“दोनच. नोवा गोवा कागदावरच राहिलं. लोक पणजीच म्हणत आले, अजून म्हणतात.”

हे त्यांना पटेना. राजानं सांगितलं, राजधानी हलली, सरकार हललं, मग नाव का हलू नये? मिशीवरची साखर झटकत त्यांनी जरा विचार केला.

“बिशप गेला नसेल,” ते म्हणाले.

“राहायला गेला,” मी म्हटलं. “पणजीत टेकडीवर त्याचा वाडा आहे. पण कॅथेड्रल जुन्या गोव्यातच आहे, आजही.”

“मग बरोबर,” म्हणून त्यांनी गल्ला बंद केला आणि माझ्या कपाकडं बोट दाखवून विचारलं, आणखी एक कॉफी देऊ का, बस नेहमी उशिराच येते.